कातडीच्या भिंतीतून जनुक आत कसं जाणार?

मागच्या व्याख्यानात आपण जनुकोपचार म्हणजे काय ते पाहिलं. एखादं जनुक बिघडलेलं असेल तर त्याची चांगली प्रत पेशीपर्यंत पोचवायची, आणि पेशीने त्यावरून हवं ते प्रथिन तयार करायचं. त्यानंतर बऱ्याच जणांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला: मग हे त्वचेच्या आजारांवर सगळ्यात आधी जमायला हवं होतं ना? यकृत, मेंदू, डोळ्याचा पडदा हे सगळे आत दडलेले. त्वचा तर समोर आहे, हात लावता येतो. मलम लावायचं आणि मोकळं व्हायचं!

प्रश्न रास्त आहे. पण प्रत्यक्षात काय झालं बघा. डोळ्याच्या पडद्याच्या एका आनुवंशिक आजारावरच्या जनुकोपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्वचेवर वरून लावायच्या पहिल्या जनुकोपचाराला मान्यता मिळाली मे २०२३ मध्ये. म्हणजे डोळ्याच्या आत, पडद्याखाली सुई घालणं आधी जमलं आणि कातडीवर जेल लावणं साडेपाच वर्षांनी. हे असं का, आणि जे जमलं ते कसं जमलं, एवढंच आज पाहायचं आहे.

आधी भिंत कशी आहे ते पाहू. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. जाडी साधारण दहा ते वीस मायक्रोमीटर, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कितीतरी कमी. पण त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे: चपट्या, वाळलेल्या पेशी या विटा, आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचं लिंपण. पाणी आतून बाहेर जाऊ नये आणि बाहेरचं काही आत येऊ नये, हे या थराचं काम. ते तो इतकं चोख करतो की औषधशास्त्रात एक ढोबळ नियमच आहे, पाचशे डाल्टनचा. ज्या रेणूचं वजन पाचशे डाल्टनपेक्षा जास्त, तो अखंड त्वचेतून जवळपास जातच नाही. सिगारेट सोडवायला जी पट्टी लावतात त्यातलं निकोटीन १६२ डाल्टनचं, म्हणून ते जातं. इन्सुलिन ५,८०० च्या आसपास, म्हणून मधुमेहींना सुई टोचावी लागते.

आता जनुकाचा हिशेब करू. डीएनएच्या एका जोडीचं वजन साधारण ६५० डाल्टन. पाच हजार जोड्यांचा तुकडा घेतला, आणि हा काही फार मोठा तुकडा नव्हे, तर वजन झालं साडेबत्तीस लाख. दार पाचशेचं आणि पाहुणा साडेबत्तीस लाखांचा.

बरं, समजा भिंत ओलांडली. पुढे काय? पेशींच्या मधल्या जागेत डीएनए कापणारी विकरं टपलेली असतात. डीएनएवर ऋण भार असतो आणि पेशीच्या आवरणावरही ऋण भारच, म्हणजे दोघं एकमेकांना दूर ढकलणार. आवरण ओलांडलं तरी केंद्रकात शिरावं लागतं. आणि एवढं करून पेशीत पोचलं, तरी वरच्या थरातल्या पेशी महिन्याभरात झडून जातात. कायमचा उपयोग हवा असेल तर जनुक तळाच्या थरातल्या मूलपेशींत गेलं पाहिजे, कारण तिथूनच नवी त्वचा वर येत राहते.

म्हणून 'त्वचेतून जनुक देणं' हा एक प्रश्न नाहीच. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की आधी दोन गोष्टी ठरवा: जनुक किती खोल जायला हवं, आणि किती दिवस टिकायला हवं. या दोन उत्तरांवर पद्धत ठरते. एका कामाला उत्तम असलेली पद्धत दुसऱ्या कामाला निव्वळ छळ ठरू शकते.

सगळ्यात सोपं काम आहे लसीचं. इथे थोड्याच पेशींत, थोडेच दिवस जनुक चाललं तरी भागतं, कारण पुढचं काम प्रतिकारशक्ती करते. त्वचा तर पहारेकरी पेशींनी भरलेली असते. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवीची खूण असेल. ते त्वचेतूनच दिलेलं होतं, आणि त्यात जिवंत विषाणू, म्हणजे त्याची जनुकंच, त्वचेच्या पेशींत जात होती. तेव्हा त्याला कुणी जनुकांचं नाव दिलं नव्हतं इतकंच.

नुसता डीएनए त्वचेतून द्यायचा याचं मोठं उदाहरण आपल्याकडचंच आहे. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची झायकोव्ह-डी ही कोविडची लस. ऑगस्ट २०२१ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, आणि माणसांसाठी परवानगी मिळालेली ती जगातली पहिली डीएनए लस. सुई नाही, एका छोट्या यंत्रातून द्रवाची बारीक धार इतक्या वेगाने सोडतात की ती वरचा थर भेदून त्वचेत शिरते. पण मात्रा पाहा. प्रत्येक वेळी दोन मिलिग्रॅम डीएनए, आणि असे तीन डोस. फायझरच्या आरएनए लसीचा डोस होता तीस मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका डोसात साठपटीहून जास्त माल! सगळाच फरक पोचवण्याच्या पद्धतीमुळे नाही, आरएनएला केंद्रकात शिरावं लागत नाही हाही भाग आहे. पण दिलेल्या डीएनएपैकी कामाच्या जागी अगदी थोडा पोचतो, हे या आकड्यातून कळतं.

हे वाया जाणं कमी करायला किती तऱ्हा करून पाहिल्या गेल्या! अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात धातूच्या बारीक कणांवर डीएनए चढवून ते कांद्याच्या पेशींत अक्षरशः बंदुकीने झाडले. पुढे तीच 'जनुक बंदूक' उंदरांच्या कानाच्या त्वचेवर चालली. नेदरलँड्समध्ये एका गटाने गोंदणाच्या यंत्राने डीएनए त्वचेत गोंदून पाहिला. विजेच्या अतिशय छोट्या झटक्यांनी पेशीच्या आवरणात क्षणभर छिद्रं पडतात, तेवढ्यात डीएनए आत जातो. ही पद्धत १९८२ पासून माहीत आहे आणि प्रयोगशाळेत रोज वापरतात. माणसावर ती चालते, पण दुखते.

आम्हाला यातली सगळ्यात गमतीची वाटते ती रटगर्स विद्यापीठातल्या हाव लिन यांच्या गटाची पद्धत. आधी त्वचेत डीएनएचं साधं इंजेक्शन द्यायचं आणि मग त्या जागेवर छोटा पेला लावून हवा खेचायची. म्हणजे काय, तर तुंबडी लावायची! उंदरांवरच्या प्रयोगांत नुसत्या इंजेक्शनपेक्षा परिणाम कितीतरी पटींनी वाढला, आणि वीज नाही, सुयांचं जाळं नाही. त्वचा ताणली गेली की पेशी आजूबाजूचा द्रव जास्त गिळतात, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. आपल्या गावाकडच्या तुंबडीवाल्याचा यात काही हात नाही, हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर उद्या तसा मेसेज फिरायला लागेल.

आणि सूक्ष्मसुया. काही शेकडा मायक्रोमीटर लांबीच्या सुयांची पट्टी, टिकलीसारखी चिकटवायची. वरचा थर भेदण्याइतक्या लांब, आणि फारसं दुखू नये इतक्या आखूड. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये मार्क प्राउसनिट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सिलिकॉन चिप बनवायचं तंत्र वापरून अशा सुया केल्या, तिथून हे क्षेत्र वाढलं. आता त्वचेतच विरघळणाऱ्या सुयाही आहेत. मर्यादा दोन: एवढ्याशा सुईवर औषध मावतं फार थोडं, आणि जनुक मिळतं ते सुईच्या भोकाशेजारच्या पेशींनाच. लसीला हे चालतं.

आता काम बदलू. लस नको, आजार बरा करायचा आहे.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण पोचवण्याचा प्रश्न किती खरा आहे ते त्यातून दिसतं. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात तळपायांना जाड, अतिशय दुखणारे घट्टे पडतात. माणसाला चालणं नकोसं होतं. कारण केराटिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराची चूक. शास्त्रज्ञांनी आरएनएचा असा छोटा तुकडा बनवला की तो फक्त चुकीची प्रत गप्प करेल, बरोबर प्रतीला हात लावणार नाही. अमेरिकेत एका रुग्णावर प्रयोग झाला, निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एका पायाच्या घट्ट्यात औषध, दुसऱ्या पायात नुसता द्रव. औषधाच्या पायावर, जिथे सुई टोचली तिथला घट्टा झडला. म्हणजे कल्पना बरोबर ठरली. पण तळपायात ती इंजेक्शनं इतकी भयंकर दुखत होती की पायाकडे जाणाऱ्या नसा बधिर करून ती द्यावी लागली. आयुष्यभर अशी कोण घेणार? रेणू तयार होता, पण त्याला आत नेण्याचा सोसवेल असा रस्ता नव्हता.

आता ज्या आजारात यश आलं त्याकडे येऊ. त्याचं नाव एपिडर्मोलिसिस बुलोसा. आपण ईबी म्हणू. या मुलांना इंग्रजीत 'फुलपाखरू मुलं' म्हणतात, कारण त्वचा फुलपाखराच्या पंखासारखी नाजूक. नाव गोड आहे, आजार नाही. कपडा घासला, आईने काखेत धरून उचललं, तरी फोड येतात आणि कातडी सुटते. याच्या एका गंभीर प्रकारात बिघाड असतो तो कोलॅजन-सात या प्रथिनाच्या जनुकात. वरची त्वचा खालच्या त्वचेला ज्या बारीक दोऱ्यांनी टाचलेली असते ते दोरे याच प्रथिनाचे. दोरे नाहीत, म्हणून वरचा थर सरकतो. जखमा भरतात, पुन्हा उघडतात. बोटं एकमेकांना चिकटत जातात. अन्ननलिका आतून आकसते. आणि तरुणपणीच त्या जुन्या जखमांत त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. रोजची पट्टी बदलणं हाच घराचा दिनक्रम होऊन बसतो.

आता मघाच्या सगळ्या युक्त्या या मुलाच्या त्वचेवर लावून पाहा. वेगाची धार? तुंबडी? चिकटपट्टीवरच्या सुया? या मुलांना साधी बँडेजची चिकटपट्टी लावता येत नाही. काढताना कातडी निघून येते. लसीसाठी जे जे सुधारलं, ते इथे बाद.

मग रस्ते दोन उरले. पहिला: त्वचाच बाहेर काढून दुरुस्त करायची. २०१५ मध्ये जर्मनीत बोखुम इथे सात वर्षांचा एक मुलगा दाखल झाला, सीरियातून आलेल्या निर्वासित कुटुंबातला. त्याला ईबीचा दुसरा एक प्रकार होता, आणि बहुतेक त्वचा गेलेली होती. इटलीतल्या मोदेना विद्यापीठातल्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या शाबूत त्वचेचा चार चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतला, त्यातल्या पेशींत विषाणूच्या वाहकाने चांगलं जनुक घातलं, आणि त्यातून पातळ त्वचेच्या चादरी वाढवल्या. शस्त्रक्रियांमधून त्याच्या शरीराची जवळपास ८० टक्के बाह्यत्वचा नवी बसवली गेली. मुलगा वाचला, शाळेत गेला. २०१७ मध्ये हे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं, आणि पाच वर्षांनंतरही त्वचा टिकून असल्याचं पुढे नोंदलं गेलं. कारण दुरुस्त जनुक तळाच्या मूलपेशींत गेलं होतं, आणि त्या थोड्याच दीर्घायुषी पेशींनी अख्खी त्वचा सांभाळली. याच धर्तीवर कोलॅजन-सातच्या ईबीसाठी त्वचेच्या चादरींचा एक उपचार एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. टिकाऊ आहे, पण भूल, शस्त्रक्रिया, इस्पितळातला मुक्काम, आणि किंमत एकतीस लाख डॉलर.

दुसरा रस्ता म्हणजे जेल. यात खरी चतुराई आहे, म्हणून थोडं थांबू.

पहिली अडचण जनुकाच्या आकाराची. कोलॅजन-सातचा संदेश सुमारे नऊ हजार अक्षरांचा आहे. जनुकोपचारात सर्रास वापरला जाणारा एएव्ही विषाणू पाच हजारही अक्षरं वाहू शकत नाही. मग पिट्सबर्गच्या क्रिस्टल बायोटेकने निवडला हर्पिस सिम्प्लेक्स-एक. ताप आल्यावर ओठाच्या कडेला जे बारीक फोड उठतात, त्यांचा हा विषाणू. (नागिणीचा नव्हे, तो त्याचा चुलतभाऊ.) याची स्वतःची पोथी दीड लाख अक्षरांची, त्यामुळे जागा भरपूर. त्याची वाढीला लागणारी जनुकं काढून टाकली, म्हणजे तो पेशीत शिरेल पण स्वतःच्या प्रती काढणार नाही, आणि त्या जागी कोलॅजन-सातच्या जनुकाच्या दोन प्रती ठेवल्या. त्वचेच्या पेशींत शिरणं हा तर या विषाणूचा धंदाच. शिवाय प्रतिकारशक्तीला चकवण्यात तो तरबेज आहे, म्हणून तोच उपचार पुन्हा पुन्हा करता येतो. अनेक विषाणू-वाहकांच्या बाबतीत दुसऱ्यांदा दिलं की शरीर त्यांना ओळखून मारून टाकतं.

आणि भिंतीचं काय? भिंत ओलांडलीच नाही! जेल लावतात ते उघड्या जखमेवर. तिथे वरचा थर आधीच गेलेला असतो, खालच्या जिवंत पेशी समोर असतात. ज्या आजाराने दार तोडलं, त्याच तुटक्या दारातून औषध आत. जखमेवर साधारण एक-एक सेंटिमीटरवर जेलचे थेंब सोडायचे, वर न चिकटणारी पट्टी ठेवायची, आठवड्यातून एकदा. ३१ रुग्णांवर चाचणी झाली. प्रत्येकाच्या दोन सारख्या जखमा निवडल्या, एकीवर औषधाचं जेल, दुसरीवर बिनऔषधाचं. सहा महिन्यांनी औषधाच्या ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या होत्या, दुसऱ्या बाजूच्या २२ टक्के. व्हायजुवेक हे त्याचं बाजारातलं नाव. फ्लोरिडातल्या एका मुलाच्या डोळ्यांवर हेच औषध थेंबांच्या रूपात वापरलं गेलं आणि ईबीमुळे गेलेली त्याची नजर बरीचशी परतली. आता त्याची दुसरी बाजू. हा विषाणू आपलं जनुक पेशीच्या गुणसूत्रांत जोडत नाही. त्यामुळे भलत्याच जागी जोडलं जाऊन कर्करोग होण्याची धास्ती कमी. पण याच कारणाने परिणामही तात्पुरता. पेशी झडली की जनुक गेलं. म्हणून जखम भरेपर्यंत दर आठवड्याला, आणि नवी उघडली की पुन्हा. कंपनीची जाहीर किंमत एका कुपीला २४,२५० डॉलर. आठवड्याला एक धरली तर ठरावीक अंतराने खंड पडूनही वर्षाला सहा लाख डॉलरच्या वर, म्हणजे पाच कोटी रुपयांच्या पलीकडे. आपल्या केंद्र सरकारच्या दुर्मीळ आजार धोरणातली मदतीची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे; ती कोणत्या आजारांना मिळते हा पुन्हा वेगळा विषय.

आमच्या मते पुढच्या सुधारणा मोजायच्या त्या इथे. सोपं ते तात्पुरतं आणि टिकाऊ ते शस्त्रक्रियेचं, ही जी कोंडी आहे ती कोण फोडतं? एका बाजूला लोक चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत, कोविडच्या आरएनए लसींत वापरल्या तशाच, जनुक दुरुस्तीची अवजारं भरून लेझरने पाडलेल्या बारीक छिद्रांतून अखंड त्वचेत नेऊ पाहत आहेत. अवजार एकदाच आत गेलं, मूलपेशीतली चूक सुधारली, की काम झालं; अवजार टिकायची गरज नाही. हे जमलं तर दर आठवड्याची कुपी लागणार नाही. हे अजून प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे. आणि ज्यांची त्वचा उघडी नाही, उलट खवल्यांसारखी जाड झालेली आहे, अशा आजारांना तर जखमेवरच्या जेलचा उपयोगच नाही. त्यांच्यासाठी भिंतीचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे.

दोन प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

एक, सॅल्मन माशाच्या डीएनएचं सीरम चेहऱ्याला लावतात, तोही जनुकोपचार का? नाही. ते डीएनएचे तुकडे असतात, कुठल्या प्रथिनाचा संदेश म्हणून दिलेले नसतात. आणि वजन पन्नास हजार डाल्टनच्या पुढे, म्हणजे अखंड त्वचेवर चोपडलं तर पाचशेच्या दाराशीच थांबणार.

दुसरा प्रश्न एका ताईंनी चिठ्ठीवर लिहून दिलाय: नात्यात ईबीचं बाळ आहे, हे जेल मिळवायची खटपट करावी का? ताई, त्याआधी एक काम करा, बाळाची जनुकीय तपासणी. ईबी अनेक वेगवेगळ्या जनुकांतल्या बिघाडांमुळे होतो, आणि हे जेल फक्त कोलॅजन-सातच्या बिघाडावर आहे. बोखुमच्या त्या मुलाचं जनुक वेगळं होतं, त्याला या जेलचा काही उपयोग झाला नसता. फोड पाहून प्रकार ओळखायला जाऊ नका, तान्हेपणी सगळे सारखेच दिसतात. तोवर न चिकटणाऱ्या पट्ट्या वापरा, कुठेही चिकटपट्टी लावू नका, बाळाला काखेत धरून न उचलता मानेखाली आणि ढुंगणाखाली हात घालून उचला, आणि फोड मोठा होत असेल तर तो निर्जंतुक सुईने कसा रिकामा करायचा, वरची कातडी न काढता, हे त्वचारोगतज्ज्ञांकडून एकदा हाताने शिकून घ्या. तपासणीचा कागद हातात आला की आम्हाला दाखवा, पुढचं आपण बघू.